ऑब्सिडियनची पाती: उगम कुठला, वापर कसला? ‘मधल्या’ आकड्यांचे तुकडे कुठे टाकायचे?

थरवाचक

मध्य अनातोलियातल्या (आजचा तुर्कस्तान) एका नवाश्मयुगीन वसाहतीतून आलेल्या ऑब्सिडियनच्या, म्हणजे ज्वालामुखीच्या काचेच्या तुकड्यांची वर्गवारी चालू आहे. काळ साधारण इ.स.पू. सातवं सहस्रक. पाती, पात्यांचे मोडके तुकडे, छिलके, थोडे गाभे (ज्यांवरून पाती काढतात ते दगड) आणि बराच बारीक चुरा असा माल आहे. उगम ठरवायला हातात धरायचं, क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणारं एक्सआरएफ यंत्र वापरलं. या भागात अपेक्षित उगम दोनच, कॅपाडोशियातले ग्योल्लू दाग (पूर्व) आणि नेनेझी दाग हे डोंगर. स्ट्रॉन्शियमवरून त्यांचे दोन गट सरळ पडतील अशी अपेक्षा होती, आणि बहुतेक तुकड्यांचे पडलेही. एका गटात स्ट्रॉन्शियम १०-१५ पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), दुसऱ्यात १०० च्या आसपास.

पण नऊ तुकडे मध्येच अडकले आहेत, ४० ते ६५ पीपीएमच्या दरम्यान. त्यांचं झिरकोनियमही ७५ ते ९० मध्येच घोटाळतंय. हा तिसरा उगम समजायचा का? की यंत्र चुकतंय?

दुसरा प्रश्न वापराचा. काही पात्यांच्या धारेवर बारीक टवके उडालेत, काहींवर धुरकट पट्टा दिसतो. साध्या भिंगातून पाहून ‘विळ्याचं पातं’ अशी नोंद करावी का? नोंदणीपत्रकात तसा रकाना आहे आणि तो भरायचा मोह होतो. तुकडे अजून आम्लाने धुतलेले नाहीत, फक्त कोरड्या ब्रशने माती काढली आहे.

---

वर्णपट

आधी एक चांगली गोष्ट: आम्लाने धुतलं नाहीत ते बरं झालं. त्याचं कारण पुढे येईलच.

तिसऱ्या उगमाचा निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढा. मधले आकडे येण्याची दोन साधी कारणं आहेत. स्ट्रॉन्शियम आणि झिरकोनियम एवढंच पाहिलं तर दोन्ही कारणं एकसारखी दिसतात, म्हणूनच माणूस फसतो.

पहिलं कारण चुन्याचं पुट. कोरड्या प्रदेशात पुरलेल्या दगडावर कॅल्शियम कार्बोनेटचा थर बसतो, आणि कॅल्शियमच्या जागी स्ट्रॉन्शियम सहज शिरतं. ग्योल्लू दागच्या काचेत स्ट्रॉन्शियम मुळातच इतकं कमी असतं की पातळसं पुटही आकडा दुप्पट-तिप्पट करून टाकतं. नेनेझीच्या तुकड्यावर तेवढंच पुट असलं तर ते लक्षातही येत नाही, कारण तिथे मूळ आकडाच मोठा.

दुसरं कारण जाडी. रुबिडियम, स्ट्रॉन्शियम, झिरकोनियम यांची किरणं काचेच्या आतून, मिलिमीटरभर आणि त्याहून जास्त खोलीवरून बाहेर येतात. तुकडा तेवढा जाड नसेल तर यंत्राला कमी दगड दिसतो आणि आकडा खाली येतो. ऑब्सिडियनसाठी रूढ मर्यादा म्हणजे किमान १० मिलिमीटर रुंदी आणि २ मिलिमीटर जाडी. दाबाने काढलेली (गाभ्यावर ठोका न मारता टोकाने दाब देऊन सुटवलेली) बारीक पाती या मर्यादेत बसत नाहीत. म्हणजे नेनेझीचं बारीक पातं स्ट्रॉन्शियम १०० ऐवजी ६० दाखवेल आणि झिरकोनियम १४० ऐवजी ८०-८५. ते थेट तुमच्या ‘मधल्या’ गटात येऊन बसतं.

हे दोन प्रकार वेगळे करतं रुबिडियम. चुन्याच्या पुटात रुबिडियम जवळजवळ नसतं. त्यामुळे पुट बसलेल्या ग्योल्लू दागच्या तुकड्यात रुबिडियम जागच्या जागी, म्हणजे १८०-२०० च्या आसपास राहतं आणि फक्त स्ट्रॉन्शियम चढतं. बारीक पात्यात मात्र तिन्ही मूलद्रव्यं जवळपास एकाच प्रमाणात उतरतात. म्हणून नुसते आकडे मांडू नका, रुबिडियम, स्ट्रॉन्शियम आणि झिरकोनियम या तिघांच्या बेरजेत प्रत्येकाचा वाटा किती ते काढा आणि तेही मांडा. बारीक पाती आपापल्या गटात परत जातील, पुटवाले तुकडे एकट्या स्ट्रॉन्शियमच्या दिशेने ओढलेले दिसतील. प्रमाण अगदी तंतोतंत टिकत नाही, कारण झिरकोनियमची किरणं जास्त ऊर्जेची आणि जास्त खोलून येणारी असल्यामुळे बारीक तुकड्यात त्याची घट किंचित जास्त होते. गट ओळखण्याइतकं टिकतं.

पुटाची खात्री कॅल्शियमवरून करता येते, पण त्यात एक मेख आहे. रुबिडियम, स्ट्रॉन्शियम, झिरकोनियम या मूलद्रव्यांसाठी आपण ४० किलोव्होल्ट आणि तांबं-टायटॅनियम-ॲल्युमिनियमची जाड गाळणी लावतो. ती गाळणी कमी ऊर्जेची किरणं अडवते, त्यामुळे कॅल्शियम नीट दिसतच नाही. म्हणून त्याच जागेवर गाळणी काढून १५ किलोव्होल्टवर ६० सेकंदांचं दुसरं मोजमाप घ्या. कॅल्शियमची किरणं काही दशांश मिलिमीटरपेक्षाही पातळ अशा वरच्या थरातून येतात, म्हणजे तुम्हाला जवळजवळ पृष्ठभागच वाचायला मिळतो. त्याच तुकड्याच्या स्वच्छ बाजूवर तेच मोजमाप घेऊन तुलना करा. फरक मोठा असेल तर प्रश्न मिटला.

मोजताना नेहमी गफलत होते ती अशी:

खिडकीवर फुगीर बाजू ठेवली जाते. मध्ये हवेची फट राहिली की सगळे आकडे हलतात. पात्याची खालची सपाट बाजू ठेवा आणि खिडकी पूर्ण झाकली गेली आहे ना ते पाहा.

तुकड्यावर नोंदणी क्रमांक लिहिलेला असतो आणि मोजमाप नेमकं त्यावरच घेतलं जातं. क्रमांकाखालच्या पांढऱ्या रंगात टायटॅनियम, जस्त किंवा बेरियम असतं. टायटॅनियम अवाजवी दिसलं तर आधी क्रमांकाची जागा तपासा.

यंत्रातली ‘माती’ किंवा ‘खनिज’ अशी तयार पद्धत वापरून आलेले आकडे थेट छापील आकड्यांशी ताडून पाहिले जातात. हे करू नका. ज्ञात रचनेच्या ऑब्सिडियनच्या तुकड्यांवर यंत्राचं अंशांकन करून घ्या. रोज सुरुवातीला, दर २०-२५ तुकड्यांनंतर आणि शेवटी आरजीएम-२ सारखा प्रमाण नमुना मोजा. आरजीएम हा रायोलाइटी काचेचाच नमुना आहे. त्यात रुबिडियम १५० च्या आणि झिरकोनियम २२० च्या आसपास यायला हवं. तिथेच आकडा सरकला तर त्या दिवसाची मोजणी पुन्हा करावी लागते.

आणखी एक, वर्णपटातली गर्दी. प्रत्येक मूलद्रव्याच्या किरणांच्या अल्फा आणि बीटा अशा दोन मुख्य रेषा दिसतात. रुबिडियमची बीटा रेषा यट्रियमच्या अल्फा रेषेवर बसते, स्ट्रॉन्शियमची बीटा झिरकोनियमच्या अल्फावर, आणि यट्रियमची बीटा नायोबियमच्या अल्फावर. आज्ञावली हे वेगळं करते, पण किती नीट करते ते प्रमाण नमुन्यावर पाहिल्याशिवाय कळत नाही. पुटामुळे स्ट्रॉन्शियम चढलेलं असेल आणि ही वजाबाकी कच्ची असेल तर झिरकोनियमही थोडं चढलेलं दिसेल.

नऊ तुकड्यांचं रुबिडियम आणि जाडी इथे द्या, पुढचं बोलता येईल.

---

थरवाचक

आभार. कॅलिपर घेऊन बसलो. नऊपैकी पाच तुकड्यांत रुबिडियम १८० च्या वर आहे, जाडीही ३ ते ५ मिलिमीटर, आणि पाचांवरही पांढुरकं पुट दिसतंय. तीन तुकडे म्हणजे बारीक पाती, जाडी १.१ ते १.४ मिलिमीटर, रुबिडियम ९० ते १०० मध्ये. नववा तुकडा लहान असून त्यावर पुटही आहे, त्यामुळे तो कशातच धड बसत नाही.

मग पुट काढून पाच तुकडे पुन्हा मोजू का? आणि या निकालावरून ‘दोन्ही डोंगरांशी देवाणघेवाण’ असं लिहिता येईल का?

---

काचपातं

देवाणघेवाणीबद्दल लिहितो, तो प्रश्न रसायनाने सुटत नाही. दगड कुठल्या डोंगरातला ते रसायन सांगतं. तो कुणी, कोणत्या रूपात आणि किती हातांतून आणला, हे कळण्यासाठी घडवण्याच्या खुणा वाचाव्या लागतात.

उगमाच्या शोधाची सुरुवात कॅन आणि रेनफ्रू या संशोधकांनी १९६४ मध्ये केली. प्रकाशीय वर्णपटाने बेरियम आणि झिरकोनियम मोजून भूमध्य सागराभोवतीचे गट त्यांनी वेगळे केले. पुढे डिक्सन यांच्यासह पश्चिम आशियाचं चित्र उभं राहिलं: उगमापासून साधारण ३०० किलोमीटरपर्यंत दगडी हत्यारांत ऑब्सिडियनचा वाटा ८० टक्क्यांच्या वर, आणि त्यापुढे अंतरागणिक झपाट्याने घट. हातोहात, गावागावाने माल पुढे सरकत गेला असा अर्थ त्यांनी लावला. कल्पना मोलाची आहे, पण तसाच उतार इतर प्रकारच्या देवाणघेवाणीतूनही तयार होतो. शिवाय टक्केवारी स्थानिक चकमकीच्या दगडावर (हत्यारांसाठी वापरायचा दुसरा दगड) अवलंबून असते. जवळ चांगली चकमक असेल तर ऑब्सिडियनचा टक्का तसाच खाली येतो, अंतराचा त्याच्याशी संबंध नसतो. म्हणून टक्क्याबरोबर उत्खननाच्या घनमीटरमागे किती ग्रॅम ऑब्सिडियन निघालं तेही द्या.

तुमची वसाहत पुरवठ्याच्या आतल्या पट्ट्यात येते, तेव्हा ‘ऑब्सिडियन आहे’ ही बातमी नाही. कोणत्या डोंगराचा दगड कोणत्या रूपात आला, ही बातमी आहे. प्रत्येक उगमगटासाठी वेगवेगळं मोजा:

मूळ खडकाची खडबडीत साल असलेले तुकडे किती? गाभा तयार करताना निघणारं कण्याचं (उंच कडेवरचं) पहिलं पातं आहे का? गाभ्याचा माथा (जिथे ठोका किंवा दाब देतात तो भाग) दुरुस्त करताना उडालेल्या चकत्या आहेत का? थकलेले गाभे? ही सगळी मंडळी हजर असतील तर घडाई वसाहतीतच झाली. फक्त पात्यांचे मधले तुकडे असतील आणि बाकी काही नसेल तर पाती तयार होऊन आली. एका डोंगराचा दगड गाभ्याच्या रूपात आणि दुसऱ्याचा तयार पात्यांच्या रूपात येतो असं निघालं, तर ती दोन वेगळी नाती आहेत, एकच ‘देवाणघेवाण’ नव्हे.

मध्य अनातोलियातल्या चातालह्योयुक या नवाश्मयुगीन वसाहतीत हे स्पष्ट दिसतं. उगम सरळ रेषेत १५० किलोमीटरच्या पुढे असूनही दगडी हत्यारांत ऑब्सिडियनच प्रमुख. जुन्या थरांत ग्योल्लू दागचे जाड छिलके घरांच्या जमिनीखाली, चुलीच्या आसपास पुरून ठेवलेले सापडतात, आणि तिथूनच गरजेप्रमाणे घडाई होई. वरच्या थरांत नेनेझी दागचा वाटा वाढतो आणि दाबाने काढलेली सरळ पाती पुढे येतात. दगड बदलला तेव्हा कसबही बदललं. तुमच्या थरांत असा बदल आहे का, हे उगम आणि तंत्र यांचा तक्ता थरवार मांडल्याशिवाय दिसणार नाही. त्या तक्त्यात नेनेझीची तुमची तीन बारीक पाती फार महत्त्वाची आहेत. मोजता येत नाहीत म्हणून बारीक पाती वगळली, तर वगळला जातो तो नेमका नेनेझीचा माल, आणि निकाल ग्योल्लू दागकडे झुकतो.

दाबाचं पातं ओळखायला कडा समांतर, पाठीवरचे कणे सरळ, जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळपास सारखी, माथा चिमुकला आणि त्याखालचा फुगवटा आखूड. आघाताच्या पात्यात जाडी कमीजास्त होते, कणे वळतात आणि पोटावरच्या, म्हणजे खालच्या बाजूवरच्या लाटा ठळक असतात. एकट्या मधल्या तुकड्यावरून ठरवू नका. माथ्याचा तुकडा हाती असेल तरच तंत्र लिहा, नाहीतर ‘अनिश्चित’.

याच कारणाने मोजणी माथ्याच्या तुकड्यांची करा. एक पातं तीन ठिकाणी मोडलं की तीन नग होतात, पण माथा एकच असतो. वजनही सोबत द्या.

कालेतेपेचं उदाहरणही डोळ्यांपुढे ठेवण्यासारखं आहे. ग्योल्लू दागच्या अंगावरच, क्योमुर्जू गावाजवळ ही कार्यशाळा होती. तिथे होडीच्या आकाराच्या, दोन्ही टोकांकडून फोडायच्या गाभ्यांवरून लांब, सरळ पाती काढली जात. हे तंत्र लेव्हान्टकडचं, म्हणजे भूमध्य सागराच्या पूर्व किनाऱ्याकडचं. जवळच्या आशिक्ली ह्योयुकसारख्या वसाहतीत मात्र दगड तोच असून घडाईची रीत निराळी. म्हणजे डोंगराजवळ राहणारे आणि डोंगरावर पाती काढणारे एकच, असं गृहीत धरता येत नाही. त्याही आधी, मृद्भांडी येण्याच्या कितीतरी पूर्वी, ग्योल्लू दागचा दगड जेरिकोपर्यंत पोचला होता, सरळ रेषेत ७०० किलोमीटरच्या आसपास. शिलुरोकाम्बोससारख्या सायप्रसमधल्या वसाहतींत तो समुद्र ओलांडून गेला.

बारीक चुरा टाकून देऊ नका. कोरड्या चाळणीने चाळलेल्या मातीतून घडाईची सूक्ष्म शकलं निसटतात. पाण्यात तरंगवून बिया वेगळ्या केल्यानंतर खाली राहणाऱ्या जड गाळात ती सापडतात. ४, २ आणि १ मिलिमीटरच्या जाळ्यांनी तो गाळ वेगळा करा. हत्यार वाहून नेलं जातं, चुरा मात्र घडाई झाली तिथेच, जमिनीत दबून राहतो. कोणत्या खोलीत घडाई झाली हे सांगायला तोच उरतो.

---

ओरखडे

आता वापराकडे. ‘विळ्याचं पातं’ हा रकाना भिंगाने पाहून भरू नका. चकमकीच्या विळ्यावर धान्य कापून येणारी आरशासारखी झिलई सगळ्यांच्या डोक्यात असते, आणि ती शोधण्यात ऑब्सिडियन फसवतं. ऑब्सिडियन मुळात चकाकतंच. त्यामुळे धान्य किंवा बोरू कापल्यावर धारेलगतचा भाग उलट धुरकट, मंद होतो, धार गोलसर होते आणि धारेला समांतर ओरखड्यांची दाटी दिसते. तुमचा धुरकट पट्टा तसा असू शकतो. तो चुन्याचं पुट, जमिनीतलं घर्षण किंवा चामडं कमावल्याची झीजही असू शकतो.

कामाचा क्रम असा ठेवा, हा बदलला तर पुरावा जातो:

१. न धुतलेल्या तुकड्यावर अवशेष शोधा. पिष्टकण, वनस्पतींचे सिलिकाकण, राळ, गेरू. नमुना धारेवरून घ्या आणि त्याच तुकड्याच्या न वापरलेल्या भागावरूनही घ्या, शिवाय शेजारच्या मातीचा एक. मातीत तेच पिष्टकण तितकेच असतील तर धारेवरच्या कणांना अर्थ नाही. पुडी असलेले हातमोजे वापरू नका, त्या पुडीत बरेचदा मक्याचं पिष्ट असतं.

२. मग शुद्ध पाणी आणि सौम्य साबण, अल्ट्रासोनिक टाकीत काही मिनिटं. एका भांड्यात एकच तुकडा. दोन ठेवले की ते एकमेकांवर आपटून ताजे टवके पाडतात.

३. पुट राहिलं असेल तरच ५ ते १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल, बुडबुडे थांबेपर्यंत. काचेला ते धोका करत नाही, पण पुटाखाली अडकलेले अवशेष आणि गेरू धुऊन नेतं. नंतर शुद्ध पाणी अनेकदा बदलून धुवा. संग्रहाच्या जतन-विभागाची लेखी परवानगी आधी घ्या.

४. सूक्ष्मदर्शक. आधी १० ते ५० पट, टवक्यांची मांडणी पाहायला. नंतर वरून प्रकाश पडणाऱ्या धातुशास्त्रीय सूक्ष्मदर्शकाखाली १०० ते ५०० पट.

५. साचा घ्यायचा असेल तर सगळ्यात शेवटी. सिलिकॉनचं तेल पृष्ठभागावर राहतं आणि त्यानंतर अवशेषांचं काम विश्वासाचं उरत नाही.

पारदर्शकता हा ऑब्सिडियनचा खास त्रास. प्रकाश आत शिरतो, खालच्या बाजूवरून परततो आणि आतले स्फटिक पृष्ठभागावरचे खड्डे असल्यासारखे दिसतात. व्यतिकरणावर चालणारा प्रिझम असलेला सूक्ष्मदर्शक असेल तर उठाव नीट दिसतो. नसेल तर सिलिकॉनचा साचा घेऊन त्यात अपारदर्शक राळ ओता आणि ती प्रतिकृती पाहा.

खुणा कशा वाचायच्या ते थोडक्यात. ओरखडे धारेला समांतर असतील तर कापणं, काटकोनात असतील तर तासणं किंवा खरवडणं. मांस कापल्याची खूण फार क्षीण असते, थोडे बारीक टवके आणि तुरळक ओरखडे. त्यामुळे ‘वापर नाही’ आणि ‘मांस कापलं’ यांतली रेघ पुसट राहते, आणि अहवालात ती पुसटच ठेवावी. कोरडं चामडं खरवडलं की धार ठळक गोलसर होते, पृष्ठभाग मंद पडतो आणि काटकोनात दाट बारीक ओरखडे येतात. लाकडावर रुंद, वाकून तुटल्यासारखे टवके. हाड किंवा शिंगावर पायऱ्यांसारखे संपणारे खोल टवके, धार चिरडलेली. दगडावर जाडजूड, खोल ओरखड्यांचे पट्टे.

दगडावरच्या कामाचं ठळक उदाहरण म्हणजे अनातोलियातल्या चायोन्यू या वसाहतीच्या नावाने ओळखली जाणारी हत्यारं. जाड पाती, कडा तीव्र उताराने घडवलेल्या आणि पोटाकडच्या बाजूला ओरखड्यांचा पट्टा. प्रयोगांतून आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ती दगडी बांगड्या, भांडी अशा वस्तू तासायला वापरल्याचं दिसलं. नुसता आकार पाहून कुणी त्यांना लाकूड किंवा चामड्याचं हत्यार म्हटलं असतं.

जमिनीतली झीज वेगळी काढायची सोपी परीक्षा: कणे, माथा आणि फुगवटा पाहा. हात जिथे काम करत नाही तिथेही तेवढेच ओरखडे असतील आणि त्यांना दिशा नसेल, तर ती तुडवणुकीची किंवा वाळूची झीज. ताजा टवका जुन्या पृष्ठभागापेक्षा जास्त चकचकीत दिसतो, कारण जुन्या पृष्ठभागावर पाणी शोषलेला काही मायक्रॉनचा थर असतो. करड्या धातूची चकचकीत रेघ म्हणजे उत्खननातली करणी. सगळे तुकडे एका पिशवीत असतील तर आजच वेगळे करा. एकमेकांवर घासलेल्या पात्यांच्या धारा वापरलेल्या पात्यांसारख्या दिसू लागतात, आणि ते नंतर दुरुस्त करता येत नाही.

तुलनेसाठी प्रायोगिक पाती त्याच डोंगराच्या दगडाची घ्या. स्फटिक कमी-जास्त असले की टवके वेगळे उडतात. एका पात्याने एकच पदार्थ, एकच दिशा, आणि ५, १५, ३०, ६० मिनिटांनी छायाचित्र. मग दुसऱ्या कुणाला क्रमांक झाकून ती वाचायला द्या. किती वेळा बरोबर आलं ते अहवालात लिहा.

---

वर्णपट

‘ओरखडे’ यांचा क्रम मान्य, फक्त एक जोड. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या मध्ये एक्सआरएफ घ्यायला हरकत नाही, त्याने खुणांना काही होत नाही, फक्त खिडकीला धार घासू देऊ नका. पुटवाले पाच मात्र तिसऱ्या टप्प्यानंतर पुन्हा मोजा. अवशेषांसाठी काही तुकडे आम्लाशिवायच ठेवायचे असतील तर ते स्वच्छ बाजूने मोजा, तेवढ्याने पुरतं.

नवव्या तुकड्यासाठी, लहान आणि पुटवाला, एक्सआरएफशी झगडू नका. लेझरने सूक्ष्म खड्डा पाडून आयसीपी-एमएसवर (निघालेल्या कणांतली मूलद्रव्यं वस्तुमानावरून मोजणारं यंत्र) मोजा. खड्डा मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहून लहान असतो, पुट भेदून आतली काच मोजता येते आणि जाडीचा प्रश्नच येत नाही.

आता थोडी काळजीची गोष्ट. तुम्ही गट स्ट्रॉन्शियमवर पाडलेत. १०-१५ च्या गटातल्या सगळ्यांचं झिरकोनियम पाहिलंत का? अल्कधर्मी (सोडियम-पोटॅशियम जास्त असलेल्या) ऑब्सिडियनमध्येही स्ट्रॉन्शियम अगदी कमी असतं. एखादा तुकडा ग्योल्लू दाग म्हणून त्या गटात लपलेला असू शकतो.

---

थरवाचक

पाहिलं. एका तुकड्यात झिरकोनियम १,१०० च्या वर आहे. लोखंडही बरंच. तो गटात गपचूप बसला होता. उजेडासमोर धरल्यावर कडेला हिरवट दिसतो.

---

वर्णपट

मग तो कॅपाडोशियाचा नाही. हिरवट छटा, झिरकोनियम हजारावर, लोखंड जास्त, हे पूर्व अनातोलियाच्या अल्कधर्मी काचेचं लक्षण: बिंग्योल ‘अ’ किंवा नेमरुत दाग. हा नेमरुत दाग म्हणजे व्हान सरोवराकाठचा ज्वालामुखी. पुतळ्यांसाठी प्रसिद्ध असलेला त्याच नावाचा डोंगर वेगळा, अहवालात दोघांची गल्लत होऊ देऊ नका.

या दोन उगमांत शंभरावर किलोमीटरचं अंतर असूनही त्यांची काच जवळजवळ सारखी आहे. झिरकोनियम आणि लोखंड एकत्र मांडून, उत्तम अंशांकन असेल तर, काही तुकडे वेगळे होतात. तुमच्या मोजणीवर ‘बिंग्योल अ / नेमरुत दाग’ एवढंच लिहा. चातालह्योयुकलाही असे थोडे पूर्वेकडचे तुकडे निघाले आहेत, तेव्हा हा अशक्य पाहुणा नाही. पण असा एकच तुकडा असल्याने तो कोणत्या थरातून, कोणत्या संदर्भातून आला ते आधी पुन्हा तपासा. खड्ड्यातून वर आलेला नंतरच्या काळातला असू शकतो.

डोळ्यांनी वर्गवारी करण्याबद्दलही इथेच सांगतो. हिरवट तुकडे वेगळे काढायला उजेडाची परीक्षा चांगली. पश्चिमेकडे पान्तेल्लेरिया बेटाचा दगडही असाच हिरवट, आणि एजियन समुद्रातल्या याली बेटाचा पांढऱ्या ठिपक्यांवरून ओळखू येतो. ग्योल्लू दाग आणि नेनेझी यांना मात्र रंगावरून वेगळं करू नका.

---

काचपातं

तो हिरवट तुकडा कशाचा आहे? पातं, छिलका की गाभ्याचा भाग?

---

थरवाचक

पात्याचा मधला तुकडा. कडा समांतर, दोन सरळ कणे, जाडी २.३ मिलिमीटर. माथा नाही. साल असलेला किंवा हिरवट चुरा जड गाळात अजून तरी दिसला नाही, पण २ ते १ मिलिमीटरचा भाग पाहायचा राहिलाय.

---

काचपातं

तंत्राच्या रकान्यात ‘अनिश्चित’ लिहा, माथा नाही. तो १ मिलिमीटरपर्यंतचा गाळ पाहून झाल्याशिवाय ‘तयार आलं’ असंही लिहू नका. पाहताना प्रकाश खालून द्या. एवढ्या बारीक कणांत हिरवा रंग वरच्या प्रकाशात दिसत नाही.

---

ओरखडे

आणि तो तुकडा आम्लात घालू नका. एकुलता आहे. अवशेषांचे नमुने आधी, तेही एकाच धारेवरून. दुसरी धार तशीच राखून ठेवा.